बावीस कढयांतली एक

माझ्या बायकोचं म्हणणं असं, की मला कुणाच्या घरी जेवायला नेण्यात अर्थ नाही. ताटं मांडलेली असतात, घरचे लोक "बसा, बसा" म्हणत असतात आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारतो, "कढई बिडाची आहे का हो? जरा बघू?" मग ती उपडी करतो, सुलटी करतो, तळाला नख लावतो. यजमानीणबाई आमच्या हिच्याकडे बघतात, ही जमिनीकडे बघते. लाज मलाही वाटते. पण राहवत नाही, त्याला काय करणार?

या अंकाच्या संपादकांनी मला बिडाच्या भांड्यांचे गुण लिहायला सांगितलंय. आजकाल शहरातल्या लोकांना पुन्हा बिडाची आवड लागली आहे म्हणे. लागू दे, चांगलंच आहे. गुण मी सांगतोच. पण गुणांच्या मागं माझा एक अवगुण आहे, तोही सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.

माधवनगरच्या पलीकडं एक लहानशी फौंड्री होती, तिथं मी सत्तरच्या दशकात नोकरीला होतो. बीड म्हणजे ओतीव लोखंड. भट्टीत कच्चं लोखंड, भंगार, दगडी कोळसा आणि चुनखडी घालायची, वारा मारायचा, खालून लाल रस निघतो तो वाळूच्या साच्यात ओतायचा. आमचं मुख्य काम इंजिनाच्या चाकांचं. विहिरीवरच्या इंजिनाला ते जड चाक असतं ना, ते. चाकं ओतून झाली की भट्टीत थोडा रस उरायचा. तो वाया कशाला घालवायचा, म्हणून आमचे मालक अण्णा मगदूम त्याच्या कढया आणि तवे ओतून घ्यायचे. अण्णा जातीनं जैन, स्वभावानं काटेकोर. त्यांच्या घरची चटणी-भाजीसुद्धा आमच्याच कढईत व्हायची, याचा त्यांना केवढा अभिमान!

माझं खातं सफाई आणि तपासणीचं. ओतलेला माल वाळू झाडून माझ्याकडं यायचा. कडा घासायच्या, मग कढईच्या एका कानात तार घालून ती टांगायची आणि लोखंडी कांडीनं हलकंच टोलवायची. चांगली कढई ठण्ण वाजते आणि वाजतच राहते. केसाएवढी चीर असली तरी आवाज बद्द येतो. माझा कान चांगला होता. पाठमोरा बसून मी सांगायचो, ही टाका, ही ठेवा. अण्णा पाहुण्यांना मुद्दाम आणून माझा कान दाखवायचे. मीही जरा फुशारायचो, खोटं कशाला बोलू?

आता गुण. त्या काळात घरोघर 'जर्मन'ची, म्हणजे अॅल्युमिनियमची भांडी घुसली होती. हलकी, चकचकीत, लगेच तापणारी. पण लगेच तापतं ते लगेच करपवतंही. बीड सावकाश तापतं आणि तापलं की धीर सोडत नाही. शेंगदाणे भाजा, एकही दाणा काळा नाही, एकही कच्चा नाही. वांगी भरून ठेवा, झाकण घाला, खुशाल धुणं धुऊन या. पिठलं काढल्यावर तळाला जी खरपुडी राहते, तिच्यासाठी आमच्या घरात भावाभावांत भांडणं झालेली आहेत. पण बिडाला माणूस लागतो. नवी कढई आणली की दोन-चार दिवस तांदळाच्या पेजेत भिजवायची, मग तेल चोळून मंद आचेवर तापवायची, कांदा परतून टाकून द्यायचा, पुन्हा तेल. असं आठ-दहा दिवस केलं की ती मुरते. मग तिला काही चिकटत नाही. एकदा एक फौजी सुट्टीवर आला होता, त्यानं कढई नेली, घासून पुसून लखलखीत केली, रात्रभर पाण्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तांबेरलेली कढई माझ्यासमोर आपटून म्हणाला, "हा काय माल म्हणायचा?" मी म्हटलं, बंदुकीला तेल लावता, हिला का नाही लावलं? त्यानं कढई उचलून परत नेली. नंतर दरवर्षी सुट्टीत भेटून जायचा.

तर आमचा नियम असा होता. चाकाला बाहेरून लहानसा खड्डा पडला तर त्यात शिशाचा तुकडा ठेवायचा, पंचानं दोन ठोके मारायचे आणि वरून काळी पूड चोळायची. चाकाला त्यानं काही होत नाही, गिऱ्हाइकालाही ते माहीत असायचं. पण भांड्याला खड्डा म्हणजे भंगार. हातोडा घालून फोडायचं, पुन्हा भट्टीत. यात मधला मार्ग नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती. विहिरींना पाणी आलं तशी इंजिनांची मागणी वाढली आणि आमच्याकडं कामाची नुसती झुंबड. त्या दिवशी माझ्या डाव्या हाताला चाकं, उजव्या हाताला कढया. समोर दोघं-तिघं गप्पा मारत उभे, मीही बोलतोय, हात चालू आहेत. तीन चाकांचे खड्डे भरायचे होते, मी तीन शिशाचे तुकडे कापून घेतले, तीन ठिकाणी ठोकले. बावीस कढया टोलवून पास केल्या. त्याच संध्याकाळी टेम्पोनं त्या विट्याला आमच्या नेहमीच्या भांडीवाल्याकडं गेल्या.

आठ दिवसांनी चाकं कातणारा लेथवाला एक चाक घेऊन आला. म्हणाला, "शंकर, हा खड्डा भरायचा राहिलाय गड्या."

मी म्हटलं, राहील कसा? तीन होते, तीन भरले. दोन चाकं आणून बघितली, त्यांत शिसं होतं. तिसऱ्यात नव्हतं. बाकावर, बाकाखाली, वाळूत, कचऱ्याच्या पाटीत, सगळीकडं शोधलं. शिशाचा तिसरा तुकडा कुठंच नाही. आणि मग मी पुन्हा बाकाकडं बघितलं. डाव्या हाताला चाकं होती, उजव्या हाताला कढया. हाताला ठोकायची सवय. बोलता बोलता मी तो तुकडा एका कढईच्या खड्ड्यात ठोकला होता, काळी पूड चोळली होती आणि वर ती कढई वाजवून, छान वाजते म्हणून, पास केली होती. एवढ्याशा शिशानं आवाज बदलत नाही. माझा तो नावाजलेला कान काय कामाचा होता?

शिसं वाईट हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण आमच्या गल्लीत एक म्हातारा कल्हईवाला होता. काही लबाड लोक कथलात शिसं मिसळून कल्हई करतात म्हणून तो त्यांना शिव्या घालायचा. मी त्याच्याकडं गेलो, उगाच इकडचं तिकडचं बोलून विचारलं, शिसं खरंच एवढं बाधतं का? तो म्हणाला, थोरल्या माणसाला हळूहळू खंगवतं, पण लहान जिवाला लवकर धरतं, पोटातल्याला तर फारच. मी घरी आलो तो जेवलोच नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, जा, सगळ्या कढया तपास, लागेल तेवढी सुट्टी घे, सापडेल ती बदलून दे. पण शिशाचं नाव काढू नकोस. बातमी पसरली तर फौंड्री बंद पडेल, तीस माणसांच्या घरात चूल पेटणार नाही. मी मान डोलावली. आज मी सगळं अण्णांच्या माथी मारू शकतो, ते काही आता उत्तर द्यायला नाहीत. पण खरं सांगायचं तर त्यांनी तसं सांगितल्यावर मला हायसंच वाटलं.

विट्याच्या दुकानात नऊ कढया शिल्लक होत्या. चाकूच्या टोकानं तळ खरवडून बघितला. बीड खरवडलं की करडा ओरखडा उठतो, शिसं असेल तर चाकू रुततो आणि खाली पांढरं चमकतं. नऊंत काही नव्हतं. म्हणजे तेरा कढया गावोगाव गेलेल्या. दुकानदाराची आठवण दांडगी, आणि बिडाचं गिऱ्हाईक दहा प्रश्न विचारून जातं म्हणून लक्षात राहतं. त्यानं बहुतेकांची नावं-गावं सांगितली. उरलेली मी विचारत विचारत काढली.

दोन महिने मी तेच केलं. एसटीनं जायचं, तिथून कुणाची तरी सायकल मागायची, मळ्यातली घरं शोधायची. "कंपनीकडून तपासणी आहे" असं सांगायचं. असली तपासणी कधी कुणी ऐकली होती? एका घरात म्हातारीनं कढई पदराखाली धरली आणि म्हणाली, बारा दिवस राबून मुरवलीया, तुझा चाकू लावलास तर हात मोडीन. तिच्यापुढं हात जोडले, तेव्हा तिनं स्वतः चाकू घेऊन मी दाखवला तेवढाच तळ खरवडला. एका जैन घरात कांदा चालत नाही, तर त्या बाईंनी कढई नुसत्या शेंगतेलावर अशी मुरवली होती की तळ आरशासारखा दिसत होता. तिथं ओरखडा काढताना माझाच जीव कळवळला. एका घरात नवरा-बायकोचं भांडणच लावून आलो. त्याला वाटलं बायकोनं तक्रार केली, तिला वाटलं नवऱ्यानं. प्रत्येक घरात मला पहिल्यांदा चुलीवरची कढई दिसायची आणि नंतर घरातली पोरं दिसायची. किती आहेत, किती लहान आहेत, अंगानं कशी आहेत, तेच बघत बसायचो. लोक आग्रहानं जेवायला वाढायचे. तपासल्याशिवाय घास उतरायचा नाही आणि तपासून झाल्यावरही उतरायचा नाही, कारण ही नव्हे म्हणजे ती दुसरीकडं कुठंतरी रोज चुलीवर चढत होती.

अशा बारा झाल्या. बाराही साफ. तेरावी विट्याजवळच्या एका निवृत्त हवालदारानं नेली होती. त्याच्या घरी गेलो तर तो म्हणाला, "ती माझ्या सुशीलासाठी घेटली. पोरगी फलटणला दिलीया, कारखान्याच्या चाळीत राहती. पोटुशी हाय. नर्सबाई म्हणली रगात कमी हाय, लोखंडातलं खाऊ घाला. म्हणून खास नेऊन दिली." मग मला पत्ता लिहून दिला आणि आमच्या कंपनीला सॅल्यूट ठोकला. म्हणाला, एवढ्या लांब माल तपासायला येणारी कंपनी फर्स्ट क्लास.

फलटणला जाताना मी पिशवीत नवी कढई घेतली होती. दहा वेळा वाजवलेली, दहा वेळा खरवडलेली. सुशीला बावीस-तेवीस वर्षांची असेल, हसतमुख. सहावा सरत आला होता. सासू उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. मी कढई मागितली. तळावर बोट फिरवलं आणि मला चाकू काढावाच लागला नाही. मधोमध हरभऱ्याएवढा खळगा होता. त्यात शिसं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं गेलं होतं.

मी विचारलं, यातलं कोण कोण जेवतं?

"मी एकलीच," ती म्हणाली. "बाकीच्यांचं जर्मनच्या पातेल्यात. ही माझी कढई हाय. रोज दोन्ही वेळची भाजी ह्यातच. लय चव येती बगा."

मी म्हटलं, कढईला खड्डा आहे, ही घ्या दुसरी. एवढंच म्हटलं. ती म्हणाली, आवं, एवढ्याशा खड्ड्यानं काय हुतंय, मुरलीया आता. मी म्हटलं, नाही, कंपनीचा नियम आहे. तिनं नाराजीनं दिली. मला चहा दिला, तो मी प्यालो. ती कढई मी फौंड्रीत आणून स्वतःच्या हातानं फोडली. अण्णा म्हणाले, सुटलास बाबा. मीही स्वतःला तेच सांगत होतो.

सुटलो कसला! मी हवालदाराला जोडकार्ड, म्हणजे उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं, पाठवलं. नवी कढई कशी आहे ते कळवावे, असं लिहिलं. कढई चांगलीच होती, मला दुसरंच विचारायचं होतं. दोन-अडीच महिने उत्तर आलं नाही. पोस्टमन दिसला की माझ्या हातातली कांडी थांबायची. मग कार्ड आलं : मुलगी झाली, मायलेकी खुशाल, कढई फर्स्ट क्लास. मी अण्णांना कार्ड दाखवलं. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मग मी दर चार-सहा महिन्यांनी जोडकार्ड पाठवत राहिलो आणि तो भला माणूस उत्तर देत राहिला. मुलगी बसायला लागली. मुलगी चालायला लागली, जरा उशिरा. त्याला वाटायचं कंपनीला त्याच्या नातीचं कौतुक आहे. मुलगी दोन वर्षांची होऊन गेल्यावर कार्ड आलं, त्यात असं होतं : 'मुलगी अजून बोलत नाही. हाक मारली तर बघते. बाकी ठीक. कढई फर्स्ट क्लास.'

ते कार्ड खिशात घेऊन मी मिरजेच्या एका डॉक्टरांकडं गेलो. आमच्या पाहुण्यांत असं असं झालंय, म्हणून विचारलं. ते म्हणाले, पोरं उशिरा बोलतात, शंभर कारणं असतात, शिशाचंही असेल किंवा नसेलही. पण आईच्या पोटात शिसं गेलं होतं हे मला कुणी सांगितलं नाही, तर मी ते कशाला तपासीन? नुसतं बघून ते कळत नाही.

म्हणजे जगात ते सांगू शकणारी दोनच माणसं होती. एक अण्णा आणि एक मी. मी अण्णांना विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची फलटणची गाडी पकडली. वाटेत कराडला उतरून परत जावं असं वाटलं. पुढं साताऱ्याला गाडी बदलताना पुन्हा वाटलं. आजारी पडावं, गाडी बंद पडावी, घराला कुलूप असावं, असं सगळं मनात आलं.

घर उघडंच होतं. सुशीला दारातच भेटली, अंगानं अर्धी झालेली. मला ओळखून म्हणाली, या दादा, परत कढई तपासायला आलाय का? तिच्या मागं मुलगी उभी होती. तेल लावून वेणी घातलेली, टपोऱ्या डोळ्यांची. माझ्याकडं टक लावून बघत होती. मी पाटावर बसलो आणि पाणी यायच्या आधीच बोलून टाकलं, नाहीतर तोंडातून शब्द निघालाच नसता.

"ताई, त्या कढईच्या खड्ड्यात शिसं होतं. शिसं विषारी असतं. ते माझ्या हातानं भरलं गेलं होतं. मला तेव्हाच माहीत होतं, मी सांगितलं नाही. मुलीला मिरजेला दाखवा आणि डॉक्टरांना हे सांगा."

ती हातातला तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. मला वाटलं ती रडेल, शिव्या देईल, तांब्या फेकून मारेल. मारला असता तरी चाललं असतं. तिनं हळू विचारलं,

"तुमाला तवाच ठावं हुतं?"

मी हो म्हटलं.

"दोन वरसं मी ऐकतीया," ती म्हणाली. "माझ्या आईच्या घराण्यात खोट हाय म्हणं. मी पोटुशी आसताना गिराणात भाईर गेले म्हणं. पांढऱ्या पायाची म्हणं. ह्यांचं दुसरं लगीन करायची बोलणी चालल्याती. मी सुदीक तेच धरून बसले हुते, की माझंच कायतरी चुकलं आसंल."

शिशानं त्या पोरीचं काय केलं ते मला आजही कुणी ठामपणे सांगितलेलं नाही, मिरजेच्या डॉक्टरांनीही नाही. पण माझ्या गप्प बसण्यानं त्या बाईचं काय केलं, ते मात्र माझ्यासमोर उभं होतं.

मी म्हटलं, ताई, मला माफ करा. तिनं ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. तांब्या खाली ठेवला, पदर खोचला आणि आतल्या खोलीकडं बघून हाक मारली, "आत्याबाई, जरा भाईर या." सासू गुडघ्यावर हात ठेवत बाहेर आली, भिंतीला टेकून बसली, म्हणाली, काय गं, कोण पाहुणं?

सुशीला माझ्याकडं वळली.

"आता मला काय सांगितलं ते ह्यास्नी सांगा," ती म्हणाली. "आनी मोठ्यानं सांगा. शेजारच्यांस्नीबी ऐकू जाऊ दे."

मी उभा राहिलो, माझं नाव सांगितलं, आणि सगळं पहिल्यापासून मोठ्यानं सांगितलं.